लाकडी लेखणीची झिलई
(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने मला या व्याख्यानासाठी पाचारण केले तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला आणि ३८ वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी शिकविण्यात घालविलेला मनुष्य. विद्वत्तेचे भाषण माझ्याकडून व्हावयाचे नाही. परंतु गतवर्षीच्या मेळाव्यात माझ्या खिशातील लाकडी लेखणी पाहून आपल्यातील काही तरुणांनी विचारले होते, "गुरुजी, ही चकाकी कशी आणली?" त्या वेळी पंगत बसण्याची घाई होती म्हणून उत्तर राहून गेले. ते आज देतो. लेखणी कातावी कशी हे मी सांगणार नाही, कारण येथे बसलेल्यांपैकी निदान पन्नास हात त्या कामी माझ्याहून तरबेज आहेत. पटाशी खाली ठेवल्यानंतर जे काम सुरू होते, तेवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

आमचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावी कातारकाम करीत. पोळपाट-लाटणी, पाळण्याच्या कांड्या, पलंगाचे खूर, देव्हाऱ्याचे खांब आणि दिवाळीनंतर मुलांसाठी भोवरे. खराद हाताचा होता. दोन टोकांमध्ये लाकूड धरावयाचे, त्याला दोरीचे दोन वेढे द्यावयाचे आणि दोरीची दोन टोके आळीपाळीने ओढावयाची. लाकूड एकदा पुढे फिरे, एकदा मागे. पटाशी लागे ती पुढच्या फेऱ्यालाच. मागच्या फेऱ्याला आबा हात उचलून घेत. दोरी ओढण्यास आमची थोरली बहीण, आक्का, बसे. ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. चौथी झाल्यावर तिची शाळा सुटली, कारण दोरी ओढण्यास घरात दुसरे कोणी नव्हते, आणि मी शाळेत जात होतो. यावर आमच्या घरी कधी वाद झाला नाही. तसे ते ठरले, एवढेच.

कातून झाले की घासण्याचे काम येई. त्या काळी आमच्या बाजारात काचपेपर मिळत असे, परंतु तो पैसे देऊन आणावा लागे. खरवतीची पाने मात्र रानात फुकट मिळत. खरवत हे उंबराच्या जातीचे झाड. त्याचे पान मांजराच्या जिभेसारखे खरखरीत असते. पानावरच्या बारीक ताठ केसांमुळे ते लाकूड घासते. प्राजक्ताचे पान हाताळलेल्या भगिनींना हा खरखरीतपणा ठाऊक असेल. तेही काही ठिकाणी याच कामी वापरीत. आबा आधी काचपेपराचा जुना तुकडा लावीत, मग खरवतीचे पान, आणि शेवटी त्याच लाकडाचा मूठभर किस फिरत्या लाकडावर दाबून धरीत.

आता त्यातली एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. विजेच्या लेथवर लाकूड एकाच दिशेने फिरते. कागद लावला की लाकडाचे बारीक तंतू कापले न जाता एका अंगाला निजतात. हाताला गुळगुळीत लागते, आणि झिलईचा पहिला ओला हात बसला की तेच तंतू पुन्हा उभे राहतात. याकरिता आजचे जाणकार कारागीर उलट दिशेने फिरण्याची कळ असलेला लेथ घेतात आणि घासताना मधूनच दिशा बदलतात. आमच्या दोरीच्या खरादावर ते आपोआप घडत होते. कातताना वाया जाणारा मागचा फेरा घासताना कामी येत होता. आक्काच्या हाताने ती किमया रोज होत होती आणि आम्हा तिघांपैकी कोणालाही त्याचे कारण माहीत नव्हते.

निवृत्तीनंतर मी एक छोटा लेथ घेतला. लेखणी करण्याची हौस कोठून आली, ते सांगणे कठीण नाही. आयुष्यभर खडू धरला, त्याआधी शाळेत बोरू आणि टाक धरला, आणि जन्म कातारकाम करणाऱ्या घरात झाला. लेखणीची रीत आपणास साधारण ठाऊक असेल. लाकडाच्या दोन चौकोनी कांड्या घेऊन त्यांना लांबीत ७ मिलिमीटरचे भोक पाडावयाचे, त्यात पितळी नळी डिंकवून बसवावयाची, कांड्या लोखंडी दांड्यावर चढवून कातावयाच्या, आणि शेवटी टोक, क्लिप व रिफिल हे विकत मिळणारे सुटे भाग दाबून बसवावयाचे. बारीक अंगाच्या लेखणीत टोकाशी नळीवर उरलेल्या लाकडाची जाडी पाऊण मिलिमीटरही नसते. हा आकडा कृपा करून लक्षात ठेवा. पलंगाच्या खुरावर कागद थोडा जास्त फिरला तर कोणास कळत नाही. येथे जास्त फिरला की लाकूड धातूच्या कडेपेक्षा खाली जाते आणि लिहिताना बोटाला ती पायरी खुपते.

आबांचा जुना खराद पडवीत पडून होता. वाळवीने तो पोखरला. एक शिसवी खांब तेवढा मधोमध शाबूत निघाला. त्याचा गाभा कापून पाहिला, तेव्हा हिशेबाने तीन लेखण्या होतील एवढेच लाकूड हाती आले. त्यांतली एक आक्काला द्यावयाची असे मी मनाशी ठरविले. आक्का आज सत्तरीपुढची आहे. दृष्टी मंद झाली असली तरी लिहिणे-वाचणे तिने सोडलेले नाही.

पहिली लेखणी मी दोन तासांत केली. कातून झाल्यावर १५० नंबरचा कागद लावला, मग एकदम ४०० चा, आणि त्यावर झिलईचे हात दिले. दिव्याखाली ती अशी काही झळकली की मी त्याच संध्याकाळी आक्काकडे गेलो. तिने ती दिव्याजवळ नेलीही नाही. अंगठ्याचे नख तिने लेखणीवरून लांबीच्या दिशेने हळूच ओढले आणि म्हणाली, "बाळ, येथे कड्या राहिल्यात रे. आबांनी मला पुन्हा दोरी ओढायला बसवले असते."

मी घरी येऊन भिंग लावून पाहिले. शेकडो बारीक वलये, एकाशेजारी एक. मित्रहो, कागदावरच्या नंबराचा अर्थ असा आहे की नंबर जितका मोठा, तितके कण बारीक. हे नंबर मुळात चाळणीवरून आले. एक इंच लांबीत चाळणीला छिद्रे किती, यावरून भरड कणांची प्रतवारी होत असे. आज बाजारात 'पी' अक्षर छापलेले जे कागद मिळतात, त्यांत १५० च्या कागदावरचा कण सुमारे १०० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग असतो. २४० चा सुमारे ५८, ३२० चा ४६, ४०० चा ३५ आणि ६०० चा सुमारे २६ मायक्रॉनचा. १०० मायक्रॉनच्या कणाने पाडलेली चर ३५ मायक्रॉनच्या कणाने उपटावयाची म्हटले तर दिवस मोडेल. प्रत्यक्षात होते असे की बारीक कागद चरांच्या मधले उंचवटे तेवढे चकचकीत करतो आणि चर जागच्या जागी राहते. झिलई दिल्यावर तर ती लपत नाहीच, उलट उठून दिसते. शाळेत पाटीवरचे चुकलेले अक्षर न पुसता त्यावरच गिरविणारी मुले मी पुष्कळ पाहिली होती. त्यांचे कान धरणाऱ्या गुरुजीने निवृत्तीनंतर तेच केले!

म्हणून क्रम सोडू नये. १५०, १८०, २४०, ३२०, ४००, ६००. पटाशीला उत्तम धार असेल आणि शेवटचा हात हलका घेतला असेल, तर १५० ला रजा देऊन २४० पासून आरंभ केला तरी चालतो. घासून वाचविलेला वेळ धार लावण्यात घालवावा हे माझे मत आहे. सर्वांत जास्त वेळ पहिल्या, म्हणजे सर्वांत भरड कागदाला द्यावा. पटाशीच्या खुणा काढणे हे त्याचे काम. पुढच्या प्रत्येक कागदाचे काम केवळ मागल्या कागदाच्या खुणा काढण्याचे. तरुण मंडळी नेमके उलट करतात, भरडाला कंटाळून बारकाईत रमतात. प्रत्येक नंबर झाला की लेथ पूर्ण थांबवावा आणि त्याच कागदाचा तुकडा लाकडाच्या रेषेच्या दिशेने, लांबीत, हाताने फिरवावा. फिरत्या लाकडावरची चर वलयाकार असते, म्हणून ती आडवी दिसते व खटकते. हाताने लांबीत घासल्यावर जी बारीक रेघ राहते, ती लाकडाच्या रेषेत मिसळते. त्यानंतर मऊ ब्रशाने भुकटी झाडून टाकावी. भरड कागदाचा एक कण जरी मागे राहिला, तरी तो पुढच्या कागदाखाली सापडून लांबलचक ओरखडा पाडतो. मग खिडकीशी जाऊन लेखणी तिरप्या उजेडात फिरवावी. समोरच्या उजेडात सगळ्याच लेखण्या निर्दोष असतात.

दुसरी लेखणी मी अशी क्रमवार घासली, आणि तीही गेली. अपराध घाईचाच होता, केवळ दुसऱ्या वाटेने आला. काम लवकर उरकावे म्हणून मी लेथची गती वाढविली आणि कागद एकाच जागी दाबून धरला. घर्षणाने लाकूड तापले. कागदामागचे बोट भाजले तेव्हा मी हात काढला, परंतु बोटाला कळते त्याच्या आधी पातळ लाकडाला कळलेले असते. वर लाकूड सुकून आकसते, आतली पितळी नळी तापून फुगते, आणि त्या ओढाताणीत घट्ट जातीचे लाकूड चिरते. शिसवात केसाएवढ्या तीन चिरा पडल्या. आबांचा खराद हाताच्या दोरीने फिरे. त्याला एवढी गतीच नव्हती. घासताना गती कातण्याच्या गतीपेक्षा पुष्कळ कमी ठेवावी, कागद सतत पुढेमागे सरकता असावा आणि बोटाला ऊब लागताच थांबावे. कागद भुकटीने भरला की फेकून द्यावा. साग-शिसवासारख्या तेलकट लाकडांत तो फार लवकर भरतो, आणि भरलेला कागद घासत नाही, केवळ तापवितो. जुन्या कागदाचा लोभ आपल्या लोकांना भारी. तो मलाही आहे.

दोन-तीन गोष्टी ओघात सांगतो. लेखणी कातताना दोन्ही टोकांना मापाची लोखंडी कडी बसवितात. कागद त्या कड्यांना लागला की लोखंडाची काळी भुकटी निघते व लाकडाच्या छिद्रांत शिरते. शिसवात ती दिसत नाही. हळदू किंवा फणसाच्या पिवळ्या लाकडावर मात्र काजळ फासल्यासारखे होते आणि मग काही केल्या जात नाही. त्याकरिता फिक्या लाकडाची कांडी घासण्याआधी कडी काढून ती निमुळत्या टोकांमध्ये धरावी. शिसव आणि फणस एकत्र जोडून नक्षीची लेखणी करणाऱ्यांनीही जपावे. तेथे भुकटी फडक्याने पुसली की काळपट रंग पिवळ्यावर उतरतो. ती हवेच्या झोताने उडवावी. आणि फडक्यावरून आठवले. फिरत्या लेथवर झिलई लावण्यास कापड कदापि घेऊ नये. कापडाचा धागा गुंडाळला गेला तर कापड तुटत नाही, बोट ओढले जाते. हाताने सहज फाटणारा टिपकागद घ्यावा. तोंडा-नाकावर चांगला मास्क असावा. लाकडाच्या भुकटीचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक पदार्थांत केलेला आहे. आपल्या वाडवडिलांचा खोकला आपण विडीच्या माथी मारीत आलो. त्यात भुकटीचा वाटा किती होता, ते कोणी मोजले नाही.

आता झिलईकडे वळतो. येथे दोन मार्ग आहेत आणि त्यांवरून आमच्या घरात दोन पक्ष आहेत.

पहिला मार्ग लाखेचा. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर लाखेचा किडा वाढतो. त्याची राळ गाळून शुद्ध केली की चपडा होतो, तो स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश होते. आपल्या घरच्या जुन्या कपाटांवर हेच पॉलिश आहे. लेखणीवर त्याचा एक पातळ हात देऊन तो वाळू द्यावा, उभे राहिलेले तंतू ६०० च्या कागदाने हलकेच घासावेत आणि मग टिपकागदावर थेंबभर पॉलिश व चिमूटभर मेण घेऊन फिरत्या लाकडावर धरावे. घर्षणाच्या उबेने ते पसरते आणि डोळ्यांदेखत तेज चढते. कर्नाटकातील चन्नपट्टणचे खेळणी करणारे कारागीर काळ्या कुड्याच्या लाकडावर रंगीत लाखेची कांडीच दाबून धरतात. फिरण्याच्या उष्णतेने लाख वितळून लाकडाला बसते, आणि मग केवड्याच्या जातीच्या झाडाचे वाळलेले पान दाबून ते तिला चमक आणतात. आमचे खरवतीचे पान लाकूड खाण्यासाठी आणि त्यांचे केवड्याचे पान लाख पसरण्यासाठी.

दुसरा मार्ग नवा आहे. झटपट चिकटणारा जो पातळ गोंद छोट्या बाटलीत मिळतो, त्याचे आठ-दहा पातळ हात लेखणीवर देतात. तो काचेसारखा कठीण होतो. मग १५०० पासून १२००० पर्यंत नंबर असलेल्या मऊ गाद्या पाण्यात भिजवून त्यावर फिरवितात. हे नंबर साध्या कागदाच्या मापाचे नव्हेत. त्या १५०० च्या गादीचे घासणे आपल्या ६०० च्या कागदाच्या जवळपास असते, तेव्हा आकडा पाहून हुरळू नये. पाणी टोकाच्या उघड्या लाकडात शिरू देऊ नये, नाहीतर ते फुगते. या गोंदाची वाफ डोळ्यांना झोंबते, म्हणून खिडकी उघडी ठेवावी.

आक्काचा मुलगा पुण्यास असतो व लेखण्या करून विकतो. तो दुसऱ्या पक्षाचा आहे, आणि त्याचे म्हणणे खोटे नाही. २०२० साली महामारीच्या दिवसांत माझी लाखेची एक लेखणी एका जुन्या सहकाऱ्याकडे होती. हाताला जंतुनाशक चोळून तो लिहावयास बसे. आठ दिवसांत लेखणी गुळासारखी चिकट झाली. त्या जंतुनाशकात मद्यार्क होता आणि लाख मद्यार्कातच विरघळते, हे मुलांना शिकविण्यासारखे साधे ज्ञान मला त्या वेळी सुचले नव्हते. घामानेही लाखेचे तेज बोटांच्या जागी उतरते. गिऱ्हाइकाला विकावयाची लेखणी वर्षानुवर्षे तशीच राहिली पाहिजे, आणि तेथे भाच्याचा गोंद श्रेष्ठ, हे मी मान्य करतो. गोंदाखाली वलये लपतात असे मात्र त्याने समजू नये. स्वच्छ काचेखाली ती अधिकच स्पष्ट दिसतात.

तिसऱ्या लेखणीपूर्वी मी दोन्ही झिलयांचे नमुने फणसाच्या कांडीवर करून आक्काच्या हाती दिले. गोंदाचा नमुना तिने बोटांत फिरविला आणि परत केला. "ही बाटलीसारखी लागते," असे म्हणाली. लाखेचा तिने हातात ठेवून घेतला.

तिसऱ्या लेखणीला तीन संध्याकाळ लागल्या. पहिली संध्याकाळ निव्वळ २४० च्या कागदात गेली. चूक झाली असती तर आबांच्या खांबाचा तुकडा आता उरला नव्हता. दुसऱ्या संध्याकाळी पुढचे नंबर आणि प्रत्येकानंतर थांबून हाताने लांबीत घासणे. माझ्या लेथला उलट फिरण्याची कळ नाही, तेव्हा मी कांडी दांड्यावरून काढून टोकांची अदलाबदल करून पुन्हा चढवीत असे. त्याने तंतूंना कागद उलट बाजूने लागतो. शिसवाची छिद्रे उघडी असतात, ती भरण्यासाठी पॉलिशचा ओला हात देऊन त्यातच ६०० च्या कागदाने घासले. निघालेली त्याच लाकडाची भुकटी लाखेत कालवून छिद्रांत बसते, बाहेरचा लांबी-मसाला लागत नाही. तिसऱ्या संध्याकाळी झिलई.

आक्काने पुन्हा नख ओढले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग लेखणी वळवून दुसऱ्या बाजूने. काही बोलली नाही. कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहावयाचा राहिला होता, तो तिने त्या लेखणीने लिहिला.

याला आता दीड वर्ष झाले. अंगठा आणि तर्जनी टेकतात तेथील तेज उतरले असून शिसवाचा उघडा रंग दिसू लागला आहे. पुढील महिन्यात ती लेखणी माझ्याकडे यावयाची आहे. लाखेचे हे एक बरे आहे की जुन्या थरावर नवा हात दिला तर दोन्ही एकमेकांत विरघळून एक होतात, सारे खरवडून काढावे लागत नाही. या खेपेस झिलई स्वतः लावावयाची असे आक्काने कळविले आहे. लेथची कळ दाबण्यास मी बसणार आहे.

बाहेरच्या मेजावर मी पाच लेखण्या ठेवल्या आहेत. त्यांत ती पहिली, वलये राहिलेली लेखणीही आहे. कोणती ते सांगत नाही. तरुणांनी डोळे मिटून नखाने शोधून पाहावे.